टाक्याखालची गाठ आणि तपासण्या
अगं, स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर टाक्याच्या रेषेखाली दोरीसारखं कडक लागतं म्हणून रात्रभर जागू नकोस. मीही जागले होते. जखम भरताना आत व्रणाच्या ऊती तयार होतात. कधी चरबीचा भाग मरून खडा बनतो, अगदी गाठीसारखा. हाताला हे आणि कर्करोगाची गाठ सारखेच लागू शकतात, म्हणून निकाल आपल्या बोटांनी लावायचा नाही. सोनोग्राफी, गरज पडली तर सुईची तपासणी, ती सांगेल. मात्र नवीन गाठ, वाढत जाणारा कडकपणा, त्वचेला खळी किंवा लाली, बोंडातून रक्त, काखेत फुगवटा दिसला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नकोस.

पहिली तीन वर्षं साधारण दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं, स्तन राखला असेल तर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, वर्षातून एकदा. मी ती सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला बांधून टाकलीय. संक्रांत आली की जुन्या फिल्म पिशवीत. त्या न्यायच्याच, तुलना त्यांच्याशीच होते.

जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, व्रणावर हलक्या हाताने मालिश कर. खांद्याचे व्यायाम चुकवू नकोस. आणि ओली सोलापुरी चादर पिळायला सध्या घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी लाव, हो!