पुण्याहून मालवणला गाडीने जाताना पाच आणि आठ वर्षांच्या मुलांना कसं रमवायचं?

मोबाईल शेवटचा उपाय म्हणून ठेवा, आणि घाटात तर नकोच. वळणावर मान खाली घालून स्क्रीन बघितली की गाडी लागलीच म्हणून समजा. गगनबावड्याच्या आधीच तो काढून घ्या. नजर समोरच्या रस्त्यावर, खिडकी जराशी उघडी, तोंडात आलेपाकाची वडी. (रिकामी पिशवी हाताशी हवीच, डिकीत नव्हे.)

हायवेवर आमच्याकडे नंबरप्लेटचा खेळ सगळ्यात जास्त चालतो. १२ पुणे, ११ सातारा, ०९ कोल्हापूर, ०७ सिंधुदुर्ग एवढं आधी सांगून ठेवायचं. ०९ दिसली की एक गुण, कर्नाटकची 'केए' दोन, नागालँडची 'एनएल' पाच. ट्रकांमुळे नागालँडही बऱ्यापैकी सापडतं, मग ते कुठे आहे हा प्रश्न येतोच आणि अर्धा तास आरामात निघतो. धाकट्याला आकडे जमत नसतील तर ट्रकमागची चित्रं मोजू द्या.

भेंड्यांत मोठ्यांनीही गळा काढायचा. 'ळ' आला तर 'ल' घ्यायचा हे निघतानाच ठरवा, नाहीतर कराडपर्यंत भांडण. दर दोन तासांनी थांबा, पण हॉटेलात बसवून ठेवू नका, मोकळ्यावर पळू द्या.