नव्या उद्योजकांमुळे मोठे ब्रँड खरंच बदलले का?

तुम्ही विचारलंय की तिशी-पस्तिशीतल्या उद्योजकांच्या ब्रँडचा मोठ्या कंपन्यांवर खरोखर परिणाम होतो, की ही नुसती इन्स्टाग्रामवरची हवा आहे. सांगलीत आमचं जनरल स्टोअर आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. गेली 19 वर्षं काउंटरवर मी असते. तिथून जे दिसतं ते सांगते.

परिणाम होतो. पण तो विक्रीच्या आकड्यांआधी गिऱ्हाइकाच्या हातात दिसतो. पूर्वी बायका यायच्या, क्रीमचं नाव घ्यायच्या, मी डबी द्यायचे, ती पिशवीत जायची. आता कॉलेजची मुलगी डबी उलटी करते, मागचं बारीक अक्षर वाचते आणि विचारते, "काकू, यात नायसिनामाइड किती टक्के आहे?" क्रीममधल्या एका घटकाचा हा शब्द मला माझ्या गिऱ्हाइकांनीच शिकवला.

त्यांना तो शिकवणाऱ्यांत मिनिमलिस्ट या त्वचेच्या क्रीम-सीरमच्या ब्रँडचा वाटा मोठा आहे. मोहित आणि राहुल यादव या भावांनी 2020 मध्ये जयपूरहून ती कंपनी सुरू केली. बाटलीवर नटीचा चेहरा नाही, फुलं नाहीत. घटकाचं नाव आणि त्याचं प्रमाण, एवढंच ठळक. जानेवारी 2025 मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने त्यांचा 90.5 टक्के हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं, कंपनीचं मूल्य धरलं 2,955 कोटी रुपये. लॅक्मे आणि पाँड्स ज्यांच्या घरात आहेत त्यांनी पाच वर्षंही न झालेल्या कंपनीला एवढी किंमत द्यावी, यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं. पॅराशूट तेलवाल्या मॅरिकोनेही हेच केलं. दाढी-मिशांची उत्पादनं विकणाऱ्या अहमदाबादच्या बिअर्डोमध्ये 2017 ला 45 टक्के हिस्सा घेतला आणि 2020 ला उरलेली कंपनी. 2022 मध्ये नाश्त्याचे पदार्थ विकणाऱ्या आपल्या पुण्याच्या ट्रू एलिमेंट्सचा निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला.

सासरे म्हणतात, यात नवं काय? आणि त्यांचं बरोबर आहे. करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये अहमदाबादेत निरमा विकायला सुरुवात केली तेव्हा ते पंचविशीच्या आसपासचे होते. सर्फच्या तुलनेत निरमा इतकी स्वस्त होती की शेवटी हिंदुस्तान लिव्हरला (म्हणजे आजच्या हिंदुस्तान युनिलिव्हरला) व्हील पावडर आणावी लागली. शँपूच्या पुडीचंही तसंच. सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये अवघ्या 15 हजार रुपयांवर धंदा सुरू केला, पुढे त्यांची चिक शँपूची पुडी खेडोपाडी पोचली, आणि पुडीशिवाय शँपू विकणं मोठ्यांनाही परवडेना. तेव्हाची लढाई किमतीची होती. आजचे नवे ब्रँड उलट महागच आहेत, तरी मुली घेतात, कारण आत काय आहे ते त्यांना कळतं. माझ्या मते खरा फरक हाच आहे.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. काही नवे ब्रँड माहिती देण्याऐवजी भीती विकतात. "केमिकल नाही" असं डबीवर छापतात. अहो, पाणीसुद्धा केमिकलच आहे! एका आईने अशाच भीतीपोटी बाळाला वर्षभर चालत असलेलं तेल बंद केलं आणि दुप्पट किमतीचं नेलं. मी तिला समजावलं, पण छापील अक्षरापुढे माझं चाललं नाही.

आणि दुकानात ही मंडळी कच्ची पडतात. ऑनलाइन विकणं वेगळं, सांगलीसारख्या गावात शेल्फवर टिकणं वेगळं. एका नव्या कंपनीचा माल मी हौसेने भरला. सहा महिन्यांत त्यांचा सेल्समन बदलला, मग डिस्ट्रिब्युटरही बदलला, आणि एक्स्पायरी झालेले डबे परत कोण घेणार ते कुणीच सांगेना. शेवटी मीच टाकून दिले. हे छोट्यांपुरतं नाही. मामाअर्थची कंपनी होनासा शेअर बाजारात आली 2023 मध्ये. पण नोव्हेंबर 2024 ला तिने तिमाही तोटा जाहीर केला, आणि डिस्ट्रिब्युटरची जुनी साखळी बदलताना परत घेतलेला माल हे त्यामागचं मोठं कारण होतं. मोठ्या कंपनीचा माणूस मात्र आमच्याकडे ठरल्या वारी येतो, ऑर्डर घेतो, खराब माल उचलतो. म्हणून मला वाटतं, नवे ब्रँड मोठ्या कंपन्यांना विकले जातात ते नुसत्या पैशासाठी नाही, या साखळीसाठीही.

परवा अशाच एका जुन्या कंपनीचा सेल्समन आला. बारा वर्षं तो आल्या आल्या स्कीम सांगायचा, डझनावर किती फ्री. या वेळी त्याने आधी बॅगेतून एक तक्ता काढला: कुठल्या क्रीममध्ये कोणता घटक, किती टक्के, कुठल्या त्वचेला. म्हणाला, "वहिनी, हा काउंटरजवळ लावा, गिऱ्हाइकं विचारतात." मी लावलाय.