प्रश्न तुमचे : पिवळ्या बल्बनंतर

प्रश्न : घराची डागडुजी करताना आम्ही सर्व पिवळे बल्ब काढून एलईडी लावले. खोक्यावर 25,000 तासांचे आयुष्य छापलेले असूनही जिन्यातील आणि न्हाणीघरातील, काचेच्या बंद गोळ्यांत बसवलेले बल्ब वर्षभरातच गेले. दिवाणखान्यातले मात्र उत्तम चालू आहेत. दोष मालाचा की आमचा? (एक वाचक, वाई)

उत्तर : दिवाणखान्यातले बल्ब टिकले यावरूनच दोष बहुधा त्या बंद गोळ्यांचा असावा असे वाटते. जुन्या बल्बमधील टंगस्टनची तार सुमारे 2500 अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावरच उजेड देत असे, आणि घेतलेल्या विजेपैकी जेमतेम पाच टक्क्यांचा उजेड होऊन बाकीची उष्णता म्हणून निघून जाई. तापणे हेच त्याचे काम असल्यामुळे बंद गोळ्यातील कोंडलेली हवा त्याला बाधत नसे. एलईडीचे तसे नाही. त्याच्याही विजेतील निम्म्याहून अधिक भाग उष्णतेतच जातो. फक्त मुळात वीजच कमी लागत असल्याने हाताला ती जाणवत नाही. शिवाय जुन्या बल्बची उष्णता प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, काचेबाहेर पडत असे, तर एलईडीची उष्णता बल्बच्या बुडातून भोवतालच्या हवेत जावी लागते आणि ती हवाच कोंडलेली असेल तर बल्ब आतून शिजत राहतो.

अशा वेळी उजेड देणाऱ्या पिवळसर टिकल्या सहसा आधी जात नाहीत. आधी जातो तो बुडातला ड्रायव्हर, म्हणजे घरातील 230 व्होल्टची वीज त्या टिकल्यांना झेपेल अशी करून देणारा छोटा परिपथ. त्यातील कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्म्यावर येते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. खोक्यावरच्या तासांचा अर्थही नीट समजून घ्यावा. उजेड मूळच्या 70 टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ असा तो सहसा असतो आणि तो मोकळ्या हवेत, ठरावीक तापमानात मोजलेला असतो. ड्रायव्हर तोवर तग धरेलच, असे त्यात कोठेही म्हटलेले नसते.

गोळा बदलणे शक्य नसेल तर त्यात 9 ऐवजी 5 वॅटचा बल्ब लावावा आणि बंद जागेत वापरण्यास चालेल असे खोक्यावर लिहिले आहे का, ते पाहून घ्यावा. 60 वॅटच्या पिवळ्या बल्बचा उजेड सुमारे 700 ल्यूमेन (उजेड मोजण्याचे एकक) असे. चांगला 8-9 वॅटचा एलईडी तेवढा किंवा थोडा अधिक उजेड देतो. खरेदीत वॅट नव्हे, ल्यूमेन पाहावेत. 60 वॅटच्या जागी 9 वॅटचा असा एक बल्ब रोज पाच तास लावला तर वर्षाला साधारण 93 युनिटे वाचतात, त्यामुळे एखादा बल्ब लवकर गेला तरी व्यवहार तोट्याचा ठरत नाही. जानेवारी 2015 मध्ये घरोघरी स्वस्त एलईडी पुरवणारी सरकारची उजाला योजना सुरू होण्यापूर्वी सरकारी खरेदीतील एका एलईडी बल्बचा दर 310 रुपयांच्या घरात होता. 2016 मध्ये तो 38 रुपयांपर्यंत उतरला. युरोपीय संघाने 2009 पासून पिवळे बल्ब नियमाने बाद केले, आपल्याकडे ते काम मुख्यतः या उतरत्या भावाने केले.

प्रश्न : देवघरात आम्ही वर्षानुवर्षे झिरोचा बल्ब रात्रभर ठेवतो. झिरो असल्याने तो वीज खात नाही ना? आणि शयनगृहातील नवा एलईडी बटण बंद केल्यावरही मिणमिणत राहतो, हे कशामुळे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : झिरोचा बल्ब शून्य वॅटचा नसतो. तारेचा असेल तर तो सुमारे 12 ते 15 वॅट घेतो. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढा बारीक भार नीट नोंदला जात नसे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. 15 वॅटचा बल्ब रोज दहा तास लागला तर वर्षाला जवळपास 55 युनिटे होतात. अर्ध्या वॅटचा एलईडी तेच काम दोन युनिटांच्या आत करतो, आणि हवा तर त्याच तांबूस रंगात मिळतो.

मिणमिणण्याची कारणे मुख्यतः दोन. बटणातच लाल इंडिकेटर असेल, तर बटण बंद असतानाही त्यातून अगदी थोडी वीज बल्बपर्यंत जाते. जुन्या बल्बला ती पुरत नसे, एलईडीला पुरते. यात धोका नाही. दुसरे कारण मात्र दुर्लक्षू नये : वायरिंग करताना फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल (परतीची तार) बटणातून नेलेला असेल, तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो. वायरमनला बोलावून टेस्टरने होल्डर तपासून घ्यावा. एलईडीने हा जुनाच दोष उघडा पाडला असेल, तर त्याचे आभारच मानायला हवेत.

प्रश्न : ट्यूबलाइटही बंद होणार, असे ऐकतो. खरे आहे का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : होय. ट्यूबमध्ये पारा असतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी, ज्यांत भारतही आहे, नोव्हेंबर 2023 मध्ये जिनिव्हा येथे ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात 2027 पर्यंत थांबवण्याचे ठरवले. घरातली चालू ट्यूब त्यामुळे काढून टाकण्याचे कारण नाही. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना चोक आणि स्टार्टरचे काय करायचे, हे ट्यूबच्या प्रकारावर अवलंबून असते, म्हणून ते काम स्वतः करू नये. ट्यूब फुटली तर खिडक्या उघडाव्यात, केरसुणी न फिरवता तुकडे पुठ्ठ्याने गोळा करावेत, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपावा आणि सारे झाकणाच्या बरणीत बंद करून ई-कचऱ्यात द्यावे.

प्रश्न : आमच्या कुक्कुटपालनात पिल्लांना ऊब देण्यासाठी 100 वॅटचे बल्ब लावतो. ते आता सहज मिळत नाहीत. एलईडी चालेल का? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर : उजेडासाठी चालेल, उबेसाठी नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 33 ते 35 अंश सेल्सियस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते दोन-तीन अंशांनी उतरवत न्यावे लागते. त्यासाठी इन्फ्रारेड दिवा किंवा गॅस ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारे गॅसवरचे उपकरण) घ्यावा. तापमापक असला तरी पिल्लांकडेही पाहत राहावे : ती दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी आहे, कडेला पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर दिवा वर उचलावा.