मोबाईल सोडवायला सैनिक स्कूल?

इंदूरच्याच एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा पाचवीत, शाळेतून आला की मोबाईल, गणित म्हटलं की पोटात दुखतं. मिस्टर म्हणतात सैनिक स्कूलला टाकू म्हणजे सरळ होईल, आणि सासूबाईंचं माहेर साताऱ्याचं तर साताऱ्यालाच टाकू. ताईंचं मन काही धजत नाहीये.

ताई, आधी साताऱ्याचं बघू. 1961 ची शाळा, नाव मोठं, सगळं खरं. पण तुमचं डोमिसाईल मध्य प्रदेशचं ना? मग तिथे तो बाहेरच्या राज्यातला धरला जाणार, साधारण 67 टक्के जागा त्या राज्याच्या मुलांना असतात आणि उरलेल्या 33 टक्क्यांत अख्ख्या देशाची पोरं. आपल्याला घरची शाळा म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशातलं रीवाचं सैनिक स्कूल. लांब वाटतं, पण इंदूरहून रात्रभराची गाडी आहे, आणि 2024 मध्ये आर्मी चीफ आणि नेव्ही चीफ दोघंही झाले ते रीवाचे, एकाच वर्गातले, हे मिस्टरांना सांगा, सातारा आपोआप मागे पडेल.

आता गणित. सहावीच्या एंट्रन्सचा पेपर 300 मार्कांचा, त्यातले 150 एकट्या गणिताचे! म्हणजे जीकेची जाडजूड गाईड आणून पाठ करवून घेण्यात काही अर्थ नाही, पोराला अपूर्णांक आणि टक्केवारी येते का ते बघा. पेपर मराठीतही देता येतो, पण इंदूरची आपली पोरं मराठी बोलतात फर्राट आणि लिहायला बसली की वेलांटीला अडतात, त्यामुळे शाळेत ज्या भाषेत शिकतोय तीच टाका, भाषेचे 50 मार्क पण त्यातच असतात. वय 31 मार्चला 10 ते 12 मध्ये हवं, तुमचा साडेदहाचा होतोय म्हणजे पुढच्या वर्षी अजून एक चान्स आहे, फक्त तेव्हा सहावी परत करावी लागेल. नववीलाही घेतात पण तो पेपर इंग्लिशमध्ये.

पण ताई खरं सांगू का, मला तुमच्या पत्रात एकच वाक्य सापडलं नाही, ते म्हणजे पोराला काय वाटतं. तिथे मोबाईल जवळ ठेवू देत नाहीत हे बरोबर, पहाटे पीटी, संध्याकाळी ग्राउंड, सगळं बेलवर. पण सुट्टीला घरी आला की मोबाईल तिथेच टेबलावर पडलेला असतो, आणि घरात बाबाही जेवताना रील बघत असले तर शाळा काय करणार. शिक्षा म्हणून पाठवलेली पोरं तिथे रडून रडून परत आलेली मी पाहिलीत, आणि हट्टाने गेलेली पहिल्या टर्मनंतर घरी यायला कंटाळा करणारीही पाहिलीत. आणि तिथे गेला म्हणजे अफसर झाला असंही नाही हो, बारावीला एनडीएची (म्हणजे सैन्याचे अफसर घडवणाऱ्या अकादमीची) लेखी, मग पाच दिवसांचा एसएसबी म्हणजे निवडीच्या चाचण्या नि मुलाखत, मग मेडिकल, सगळं बाकीच्यांसारखंच द्यावं लागतं.

एका रविवारी पोहे-जिलेबी झाली की त्याला महूला न्या, इन्फन्ट्री म्युझियम दाखवा, येताना काही विचारू नका. तो काय विचारतो ते ऐका. दिवाळीत आठ दिवस मावशीकडे एकटा ठेवा, स्वतःचं अंथरूण, स्वतःचे कपडे, फोन नाही. तिसऱ्या दिवशी काय होतं ते मला कळवा, फॉर्मचं त्यानंतर बोलू. आणि तोवर डोळे तपासून घ्या, टीव्ही फार जवळून बघतो असं तुम्हीच लिहिलंय.