आमच्या चर्चच्या मंडळीत दानार्पण समितीचं (अर्पण गोळा करून त्याचा हिशेब ठेवणाऱ्या समितीचं) प्रमुखपद घ्यायला सांगितलंय, पण पैसे मागायची लाज वाटते. होकार देऊ का?

होकार द्या. फक्त तो कळवायच्या आधी पाळकसाहेबांकडून मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागून घ्या आणि घरी शांतपणे वाचा.

तुम्ही शाळेत शिकवता, हिशेबाचं शिक्षण नाही, आणि उपासनेत उभं राहून पैसे मागायच्या विचारानंच पोटात गोळा येतो, असं तुम्ही लिहिलंय. मी नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत सहा वर्षं हेच काम बिनपगारी केलं. सुरुवातीला माझीही तीच गत होती. हळूहळू कळलं की मागणं हा या कामाचा लहानसा भाग आहे. आलेल्या पैशाचं काय झालं ते सांगत राहणं, हे खरं काम. आपल्या शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, शब्दच बघा: कारभारी. घर धन्याचं. कारभारी ते सांभाळतो आणि विचारलं की हिशेब पुढे ठेवतो.

हे मला चूक करून समजलं. पहिल्याच वर्षी मी अर्पणाच्या पाकिटांच्या वहीवरून देणं थकलेल्या घरांची यादी काढली आणि सगळ्यांना चिठ्ठ्या पाठवल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या एक बाई त्यानंतर चार रविवार आल्याच नाहीत. घरी गेलो तर म्हणाल्या, “भाऊ, पाकिटात घालायला काही नाही, मग कुठल्या तोंडानं येऊ?” मार्काच्या शुभवर्तमानातली दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, दानपेटीत टाकणारी गरीब विधवा आपल्याला लहानपणापासून पाठ असते. तिच्यासारख्याच बाईला मी थकबाकीची चिठ्ठी धाडली होती. मी त्यांची माफी मागितली. तेव्हापासून कोण किती देतो हे खजिनदाराशिवाय कुणाला कळणार नाही असं पंचांकडून ठरवून घेतलं, आणि मोठे आकडे नावानिशी वाचून दाखवायची आमची जुनी पद्धतही बंद केली. त्यावर काही वडीलधारे नाराज झाले. होऊ द्यावं.

दशमांशाबद्दल, म्हणजे कमाईचा दहावा भाग देण्याबद्दल, माझं मत सांगतो. तो शिकवावा, पण कराची पावती फाडल्यासारखा वसूल करू नये. प्रेषित पौलानं करिंथ इथल्या मंडळीला पत्रात लिहिलं ते प्रत्येकानं आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं असंच. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा आणि पावसावर जगणारा यांचं देणं एका मापात बसत नाही. आमच्याकडे हंगामाच्या सणाला बाजरी, अंडी, भोपळे, एखादा कोंबडा असं वेदीपुढे येतं आणि उपासनेनंतर बाहेर लिलाव होतो. त्या दिवशी लोकांचे चेहरे बघा. वर्षभर पाकीट चोरून टाकणारा माणूस स्वतःच्या शेतातलं पोतं खांद्यावरून ताठ मानेनं आणतो. मिझोरामच्या मंडळ्यांमध्ये तर 1910 पासून रीत आहे की स्वयंपाकाला तांदूळ घेताना बाईनं एक मूठ देवासाठी बाजूला काढायची. तिथल्या मंडळ्यांच्या सेवाकार्याला या मुठीचा फार मोठा आधार आहे. त्यावरून आम्ही दोन वस्त्यांवर बाजरीचे डबे ठेवले. ते धान्य ज्या घरी आजारपण असेल तिथं जायचं. त्या ऊसतोडीच्या बाईंनी पहिला डबा स्वतःच्या घरी ठेवून घेतला.

आपल्या भागात मंडळीचा खर्च स्वतः उचलायची सवय रुजायला वेळ का लागतो, तेही समजून घ्या, म्हणजे लोकांवर राग येणार नाही. अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये नगरला काम सुरू केलं, आणि पुढे कितीतरी वर्षं शाळा, दवाखाने, उपदेशकांचे पगार यांच्यासाठी समुद्रापलीकडून पैसा येत राहिला. 1970 मध्ये नागपुरात अनेक चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तरी म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून “मिशनचं घर, मिशनची विहीर” असंच येतं. ही आपली विहीर आहे, हे एका भाषणानं पटत नाही.

आता पैशाची शिस्त. अर्पण मोजायला एका घरातले नसलेले दोघे जण हवेत. मोजणी त्याच दिवशी, चर्चमध्येच, आकडा शाईनं, दोघांच्या सह्या, आणि सोमवारी रक्कम बँकेत. कुणावर अविश्वास दाखवायला हे नाही. यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेल्या मदतीवरून कुणी दोष लावू नये म्हणून पौलानंही आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी विश्वासू भाऊ पाठवले होते. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच हवा. आमच्याकडे तो आठ महिने खजिनदाराच्या मोबाइलचा होता. माणूस अगदी सचोटीचा, पण वार्षिक सभेत कुणी विचारलं तेव्हा त्याच्यापाशी दाखवायला काही नव्हतं आणि तो रडला. छपरासाठी गोळा केलेला पैसा छपरालाच लावा, मग पगार थकलेला का असेना.

कुणाचा अमेरिकन नागरिक झालेला भाचा पैसे पाठवतो म्हणाला तर थांबा. परदेशी नागरिकाची देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असल्याशिवाय घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या नातेवाइकानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेल्या दानाची गोष्ट वेगळी. मिळकत कुठल्या ट्रस्टच्या नावावर आहे आणि धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब कोण सादर करतं, हेही आधीच विचारून ठेवा.

मुदत तीन वर्षांचीच घ्या, आणि पहिल्या दिवसापासून तरुण संघातला एक जण हाताशी धरा. आम्ही दाराशेजारच्या फळ्यावर दर महिन्याची जमा आणि खर्च लिहायला लागलो, तेव्हा असाच एक मुलगा विजेचं बिल वाचून म्हणाला, वायरिंग जुनं आहे, मी बदलून देतो. त्यानं ते फुकट केलं, आणि पुढे समितीतही आला.

पहिल्या रविवारी उभ्या राहाल तेव्हा काही मागू नका. मागच्या महिन्यात किती अर्पण आलं, पाळकांच्या पगाराला किती गेलं, विजेला किती गेलं, एवढं वाचा, मंडळीचे आभार माना आणि खाली बसा.