साताऱ्याहून पहाटे निघून कोकणातले कमी गर्दीचे किनारे एका दिवसात बघता येतील का? गणपतीपुळे सोडून कुठे जावं?

येतील. फक्त एकच तालुका धरा: गुहागर. एका दिवसात गुहागरही करायचं आणि दापोलीही, असा बेत केलात तर दिवस गाडीतच जाईल.

निघायची तारीख सुट्टी बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. म्हणजे चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. तुमच्यासाठी पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आसपासचा दिवस उत्तम. गुहागर तालुक्यातल्या हेदवीला भर दुपारी उधाणाची भरती मिळते आणि नंतर पाणी ओसरत जातं, तेव्हा चालायला रुंद, घट्ट वाळू मिळते. दिवाळीनंतर थंडी संपेपर्यंतचा काळ घ्या. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात दरडींचा भरवसा नाही आणि समुद्रही जवळ जाण्यासारखा नसतो.

पहाटे पाचच्या आत सातारा सोडा. उंब्रजहून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर आणि मग घाट. हा रस्ता नुसता पार करायचा रस्ता नाही. आपली कोयना महाबळेश्वरला उगम पावून कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी निसर्गतः पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जायचं. पण कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात वीज करतं आणि पश्चिमेला उतरतं. वीज करून बाहेर पडणाऱ्या या पाण्याला चिपळूणकर अवजल म्हणतात. ते वाशिष्ठीत मिसळतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. तुम्ही घाटाने उतरता, पाणी डोंगराच्या आतून. ज्या पाण्यासाठी पाटण-जावळीतल्या गावांनी घरदार सोडलं, ते कुठवर जातं हे साताऱ्याच्या माणसाने एकदा तरी बघायला हवं असं मला मनापासून वाटतं. परतीला वेळ उरलाच तर अंजनवेलच्या गोपाळगडावर जा, खाडीचं मुख तिथून दिसतं.

पेट्रोल चिपळूणलाच भरून घ्या. गुहागरच्या अलीकडे मोडकाआगरहून डावीकडे पालशेत, अडूर, वेळणेश्वर, हेदवी असा रस्ता जातो. वळणावळणाचा आणि अरुंद आहे, समोरून एसटी आली तर बाजूला थांबायचं. वर तांबड्या जांभ्याचा सडा म्हणजे उघडं सपाट पठार, एका उतारानंतर माडाची वाडी, मग एकदम समुद्र, असं हे परत परत होत राहतं. अडूरखालचं बुधल बघाच. कातळांच्या मधे कोळ्यांची छोटी वस्ती आणि वाळूचा लहानसा तुकडा, एवढंच आहे, पण मला ते सगळ्यात आवडतं. तिथे लोक राहतात, जाळी दुरुस्त करत बसलेले असतात, तेव्हा परवानगी न घेता फोटो काढू नका.

भरतीच्या अर्धा तास आधी हेदवीत, उमामहेश्वराच्या देवळापाशी पोचा. देवळामागे काळ्या कातळाला उभी चीर गेलीय, ती बामणघळ. लाट चिरेत शिरते, क्षणभर काहीच होत नाही, मग आतून तोफेसारखा दणका येतो आणि पाण्याचा खांब वर उसळतो. चष्म्यावर मिठाचे थेंब वाळून राहतात. पण ओल्या कातळावर पाय ठेवायचा नाही. घळीच्या तोंडाशी उभं राहून सेल्फी तर अजिबात नाही. चार-पाच लाटा साध्या येतात आणि मग एक मोठी येते, तिथून माणूस ओढला गेला तर वाचवायला कुणी उतरू शकत नाही. लहान मुलांचा हात सोडू नका.

हेदवीचा दशभुज गणपती वाटेतच आहे. जेवणाचं मात्र आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा, या गावांत घरगुती खानावळी माणसं मोजूनच रांधतात. जेवून वेळणेश्वरला या. तोवर पाणी मागे सरायला लागलेलं असतं. मंदिरासमोरचा अर्धगोल किनारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनवाणी चाला.

एक कळकळीची विनंती: गाडी वाळूत घालू नका. थंडीत या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. घरटी वाळूखाली असतात, वरून काहीच कळत नाही, आणि चाकाखाली ती चिरडली जातात.

साडेचारला परतीला लागा म्हणजे घाट फार रात्र व्हायच्या आत चढून होईल. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला जाता येतं, पण तो मोह मुक्कामाच्या बेतासाठी ठेवा.