१०६६ च्या बसला ८०० ची रॅम कशी जुळते?

आपल्या जुन्या संगणकात कोअर २ ड्युओ ई६६०० प्रोसेसर आणि पी९६५ चिपसेटचा मदरबोर्ड आहे. प्रोसेसरची बस, म्हणजे त्याच्यापर्यंत माहिती वाहून नेणारी वाट, १०६६ ची असल्यामुळे रॅमही १०६६ चीच हवी, ८०० ची घेतल्यास प्रोसेसर अडखळेल, असे दुकानदाराने आपल्याला सांगितले आहे. हा समज फार जुना आहे आणि त्यापायी अनेकांचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१०६६ आणि ८०० हे दोन्ही आकडे क्लॉकचे, म्हणजे एका सेकंदातील ठोक्यांचे, नाहीत. एका सेकंदात किती दशलक्ष वेळा माहितीची ने-आण होते, ते हे आकडे सांगतात. ई६६०० च्या या बसचे (तिला फ्रंट साइड बस म्हणतात) मूळ क्लॉक २६६ मेगाहर्ट्झ आहे आणि क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला ती चार वेळा माहिती वाहते, म्हणून १०६६. त्याच २६६ ला ९ ने गुणले की प्रोसेसरचा २.४ गिगाहर्ट्झ वेग मिळतो. आपल्या बोर्डावर चालणारी डीडीआर२ प्रकारची रॅम मात्र एका ठोक्याला दोनदाच माहिती देते, त्यामुळे ८०० च्या रॅमचे क्लॉक ४०० मेगाहर्ट्झ असते. याचा अर्थ, या प्रोसेसरशी ठोक्याला ठोका जुळणारी रॅम १०६६ ची नसून ५३३ ची आहे.

आता वहनक्षमता पाहू. बसची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट. १०६६ ला ८ ने गुणल्यास सेकंदाला सुमारे ८.५ गिगाबाइट येतात. ५३३ च्या एका मॉड्यूलमधून (रॅमच्या एका पट्टीतून) सुमारे ४.२७ गिगाबाइट मिळतात आणि ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी चालतील अशी, दोन मॉड्यूल लावली की बेरीज तितकीच, ८.५ होते. ८०० ची जोडी १२.८ गिगाबाइट देऊ शकते, परंतु प्रोसेसरपर्यंतची वाट ८.५ चीच असल्याने उरलेली क्षमता त्याच्या हाती लागत नाही. ज्या बोर्डांवर ग्राफिक्स नॉर्थब्रिजमध्येच (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या चिपमध्येच) असते, तेथे ग्राफिक्स ही बस न ओलांडता रॅम वापरते आणि या जादा क्षमतेचा खरा लाभ घेते. आपल्या पी९६५ मध्ये तशी सोय नाही.

तरीही ८०० ची रॅम निरुपयोगी ठरत नाही. सीएल म्हणजे मागितलेली माहिती मिळू लागेपर्यंत जाणारे ठोके. सीएल४ च्या ५३३ रॅमला चार ठोक्यांसाठी १५ नॅनोसेकंद लागतात, तर सीएल५ च्या ८०० रॅमला पाच ठोक्यांसाठी १२.५. प्रतीक्षा थोडी घटते, मात्र रोजच्या कामात हा फरक क्वचितच जाणवतो. बस आणि रॅम यांच्या क्लॉकमधील २:३ हे गुणोत्तर नॉर्थब्रिज सांभाळते, त्यामुळे अडखळण्याची भीती नको. शिवाय पी९६५ ची अधिकृत मर्यादाच ८०० आहे, तेव्हा १०६६ च्या रॅमसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

आपल्याकडे सध्या ५१२ मेगाबाइटची दोनच मॉड्यूल आहेत, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. दोन गिगाबाइटची ८०० ची जोडी घेऊन ती मदरबोर्डच्या पुस्तिकेत ड्युअल चॅनेलसाठी दाखवलेल्या स्लॉटमध्ये बसवावी. जुनी ५३३ ची मॉड्यूल सोबत ठेवल्यास सर्व रॅम ५३३ वरच चालेल. बसवल्यानंतर सीपीयू-झेड या संगणकाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये रॅमची फ्रिक्वेन्सी ४०० दिसेल. ती अर्धी झाली असे समजून दुकानात परत जाऊ नये, कारण तेथे क्लॉक दाखवले जाते.